मोफत विद्या आणि दिवसाचे तास

आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर वाचून आमच्या काही स्नेह्यांस नवल वाटले. पगारवाढ, बोनस आणि निलंबने यांच्या भांडणांत ज्याची तीस वर्षे गेली, त्याने अमेरिकेतील एका विद्यापीठाने इंटरनेटवर खुल्या केलेल्या पाठांविषयी काय बोलावे, असे एकाने तोंडावरच विचारले. प्रश्न रास्त आहे. आमची शाळा दहावीपाशी सुटली. पुढे जे काही शिकणे झाले ते सार्वजनिक वाचनालयात, युनियनच्या कचेरीत आणि लोकलच्या डब्यात. परंतु जी वस्तू घेणाऱ्यास फुकट मिळते तिची किंमत कोठे तरी कोणी तरी चुकती केलेली असते, आणि ती कोणी केली हे शोधणे हाच आमचा धंदा असल्याने या विषयात हात घालण्याचे धाडस आम्ही केले आहे.

तारीख ४ एप्रिल २००१. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एम.आय.टी. (पुण्याची नव्हे, बॉस्टनजवळच्या केंब्रिज गावची), या संस्थेचे अध्यक्ष चार्ल्स व्हेस्ट यांनी जाहीर केले की, संस्थेत शिकविल्या जाणाऱ्या जवळजवळ सर्व विषयांची सामग्री, म्हणजे व्याख्यानांची टिपणे, गृहपाठाची उदाहरणे, परीक्षेच्या प्रश्नपत्रिका, आम्ही इंटरनेटवर ठेवू आणि ती जगातील कोणासही विनामूल्य घेता येईल. या योजनेस ओपनकोर्सवेअर असे नाव दिले. जेथे प्रवेश मिळविण्यासाठी जगभरची हुशार मुले धडपडतात आणि जेथील वर्षाच्या फीत आपल्याकडे त्या काळी घर झाले असते, त्या संस्थेने आपल्या कोठारास कुलूप न लावण्याचे ठरविले, म्हणून सर्वत्र आश्चर्य झाले. परंतु ही हकीकत २००१ पासून सांगू लागलो तर ती अर्धीच होईल. आम्ही ती मुंबईपासून सुरू करतो.

१८३६ सालच्या फेब्रुवारीत जॉन लोवेल नावाचा छत्तिशीतला अमेरिकन गृहस्थ मुंबईस उतरला. बायको आणि दोन्ही मुली थोड्या महिन्यांच्या अंतराने वारल्यावर त्याने बॉस्टनचे घर सोडले होते आणि तो देशोदेशी हिंडत होता. इजिप्तमध्ये तो आजारी पडला, तांबड्या समुद्रात त्याचे जहाज फुटले, आणि मुंबईस पोचल्यावर तीन-चार आठवड्यांतच, ४ मार्च रोजी, त्याने येथेच देह ठेवला. मुंबईत त्या वेळी कापडाची एकही गिरणी नव्हती. कावसजी नानाभाई दावर यांची गिरणी स्थापन व्हावयास अजून अठरा वर्षे होती. परंतु हा जो पाहुणा मेला तो गिरणीवाल्याचाच मुलगा होता.

त्याचे वडील फ्रान्सिस कॅबट लोवेल यांची गोष्ट सांगण्याजोगी आहे. १८१० ते १८१२ या काळात ते इंग्लंडात राहिले आणि तेथील यंत्रमाग त्यांनी पाहिले. इंग्लंडच्या कायद्याने ही यंत्रे किंवा त्यांचे आराखडे देशाबाहेर नेण्यास बंदी होती. लोवेल यांनी कागद नेला नाही; जे पाहिले ते डोक्यात साठवून नेले, आणि घरी परतल्यावर पॉल मूडी या कुशल कारागिराच्या मदतीने १८१४ साली वॉल्थॅम येथे यंत्रमाग चालू करून दाखविला. आज जिला आपण बौद्धिक मालमत्ता म्हणतो तिच्या दृष्टीने ही चोरी म्हणावी की विद्याप्रसार, हे श्रोत्यांनी ठरवावे. एवढे मात्र खरे की अमेरिकेच्या कापडधंद्याचा पाया कुलूपबंद विद्या डोक्यातून पळवून आणून घातला गेला. त्या मुलाने आपली मत्ता विद्येचे कुलूप काढण्यासाठी ठेवावी, यात आम्हांस एक प्रकारची परतफेड दिसते. अर्थात जॉन लोवेलच्या मनात तसे काही होते असे म्हणण्यास आधार नाही.

इजिप्तमध्ये लक्सर येथील भग्नावशेषांत आजारी असताना १८३५ साली त्याने आपले मृत्युपत्र पक्के केले. निम्मी मत्ता, सुमारे अडीच लाख डॉलर, बॉस्टनच्या नागरिकांसाठी सार्वजनिक व्याख्याने देण्याकरिता ठेवली. त्यातील अटी वाचून या माणसाच्या व्यवहारबुद्धीचे कौतुक वाटते. या पैशातून इमारत बांधावयाची नाही. दरवर्षीच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा मुद्दलात परत घालावयाचा. सामान्य व्याख्याने फुकट. अधिक खोलात शिरणारा अभ्यासक्रम असेल तर फी घ्यावी, परंतु सहा महिन्यांच्या सत्रास ती दोन बुशेल गव्हाच्या किमतीहून अधिक असू नये. दोन बुशेल म्हणजे सुमारे चौपन्न किलो. पैशाची किंमत उतरेल, पण पोटाची किंमत गव्हातच मोजली जाईल, हे त्याने ओळखले. महागाई भत्त्याच्या वाटाघाटीस बसलेल्या कोणाही माणसास ही युक्ती मनापासून आवडेल.

१८३९ च्या अखेरीस ही व्याख्याने सुरू झाली. दुसऱ्याच वर्षी बेंजामिन सिलिमन यांच्या रसायनशास्त्रावरील व्याख्यानांची मोफत तिकिटे एका पुस्तकाच्या दुकानात वाटली, तेव्हा गर्दीच्या रेट्याने दुकानाच्या खिडक्या फुटल्या. रसायनशास्त्रावरचे व्याख्यान ऐकण्यासाठी काचा फुटतात, हे वाचून आम्हांस आपल्याकडील नाटकांची तिकीटखिडकी आठवली. १८४१ साली इंग्लंडचे विख्यात भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल तेथे बोलावयास गेले. समोर श्रीमंतांपासून साध्या कारागिरांपर्यंत सर्व थरांतील स्त्रीपुरुष बसलेले पाहून ते चकित झाले आणि आपल्या प्रवासवृत्तात त्यांनी तशी नोंद केली. पुण्यास न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. तिचा आणि बॉस्टनच्या मालेचा संबंध आम्ही जोडू इच्छित नाही. दोन गावांस एकच भूक लागली होती, इतकेच.

आता त्याच लोवेल घराण्याच्या नावाने वसलेल्या गावी जाऊ. बॉस्टनपासून चाळीसएक किलोमीटरवर मेरिमॅक नदीच्या काठी लोवेल नावाचे गिरणगाव उभे राहिले होते. शेतकऱ्यांच्या मुली तेथे कामास येत, कंपनीच्या खाणावळीत राहत, आणि सरासरी दिवसास बारा तासांवर माग सांभाळीत. या मुली अडाणी नव्हत्या. त्यांचे स्वतःचे मासिक होते. संध्याकाळी त्या व्याख्यानांस जात. मालक मंडळी पाहुण्यांस हे कौतुकाने दाखवीत. परंतु १८३४ साली मजुरी कापली तेव्हा त्या मुलींनी संप केला, आणि १८३६ साली, म्हणजे जॉन लोवेल मुंबईस मेला त्याच वर्षी, खाणावळीचा दर वाढविला तेव्हा पुन्हा केला.

त्यांच्यातील सारा बॅग्ली या बाईचे नाव आपल्याकडे फारसे कोणास ठाऊक नाही. १८४५ साली मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाच्या समितीपुढे दहा तासांच्या दिवसाची मागणी घेऊन ती उभी राहिली. मागणीच्या अर्जांवर दोन हजारांच्या आसपास सह्या होत्या. आठ वर्षांहून अधिक काळ तिने गिरणीत काढला होता. जेवणाला पुरेसा वेळ नाही ही तिची पहिली तक्रार. आणि बुद्धीची मशागत करण्यास वेळ उरत नाही ही दुसरी. तिने असेही सांगितले की, चार वर्षे हिवाळ्यात दिवसाचे काम उरकून रात्री आपण मुलींची शाळा चालविली, आणि या जादा श्रमाने आपली प्रकृती बिघडली असावी. समितीने ऐकून घेतले आणि निर्णय दिला की कामाचे तास ही मालक आणि कामगार यांनी आपसांत ठरविण्याची बाब आहे. कायद्याने त्यात पडू नये. स्त्रिया व मुले यांच्यासाठी दहा तासांचा कायदा त्या राज्यात झाला तो १८७४ साली.

बॉस्टनला व्याख्यान फुकट होते. लोवेलच्या मुलीस ते ऐकण्याचा तास फुकट नव्हता. त्या तासाची किंमत तिने मजुरीत, संपात आणि प्रकृतीत मोजली. आमच्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज करून रविवारची सुटी मागितली आणि १८९० च्या जून महिन्यात ती मिळाली. श्रोतेहो, आज रविवारी सकाळी भाषणे ऐकणारा जो समाज आहे, त्याच्या खुर्चीखाली तो अर्ज आहे.

जॉन लोवेलच्या निधीचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो, कारण येथेच दोन धागे जवळ येतात. एम.आय.टी.ची सनद १८६१ ची, वर्ग भरू लागले ते १८६५ साली. आणि प्रारंभापासूनच लोवेल निधीच्या खर्चाने तेथे संध्याकाळी मोफत वर्ग चालले. त्यांत स्त्रियांनाही जागा होती. १९०३ साली त्याच निधीतून तेथे कारखान्यांतील फोरमन लोकांसाठी मोफत रात्रशाळा निघाली. पुढे १९४६ साली निधीने बॉस्टनच्या विद्यापीठांस एकत्र आणून नभोवाणीवर व्याख्याने सुरू केली. व्यासपीठ, रात्रवर्ग, नभोवाणी अशा या पायऱ्या. २००१ चा निर्णय लोवेलच्या पैशातून झाला नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. परंतु ज्या घरात सव्वाशेहून अधिक वर्षे संध्याकाळी एक दार उघडे राहत आले, त्या घरास दुसरे दार उघडण्याची कल्पना सुचावी यात फार आश्चर्य नाही.

आणि तरीही ती सहज सुचली नाही. १९९९-२००० चा तो काळ इंटरनेटवर सोन्याची खाण सापडल्याचा. जो तो कंपनी काढीत होता. कोलंबिया विद्यापीठाने लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससारखे भागीदार घेऊन फॅदम नावाचे दुकान २००० साली थाटले. न्यूयॉर्क विद्यापीठाने आपले वेगळे थाटले. एम.आय.टी.नेही आपल्या प्राध्यापकांची समिती नेमली, आणि तिच्यापुढचा प्रश्न मुळात असाच होता की, या नव्या बाजारात आपण कसे उतरावे. समितीने हिशेब मांडले. धंदा म्हणून यात काही राम नाही असे तिला दिसले, आणि मग ही सामग्री देऊनच का टाकू नये, हा विचार पुढे आला. म्हणजे उदारपणाचा उगम अंशतः जमाखर्चात आहे. आम्हांस यात काही कमीपणा वाटत नाही. विकता न येणारी वस्तू कुजू देणारे मालक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. ती वाटून टाकणारा विरळा. न्यूयॉर्कचे दुकान २००१ साली आणि कोलंबियाचे २००३ साली बंद झाले.

वाटण्यासही पैसा लागतो. मेलन आणि ह्यूलेट या दोन धर्मादाय प्रतिष्ठानांनी पहिल्या टप्प्यास १ कोटी १० लाख डॉलर दिले, १० लाख संस्थेने घातले. मेलन घराणे पिट्सबर्गच्या पेढीवाल्यांचे, ह्यूलेट यंत्रे बनविणाऱ्या कंपनीचे. म्हणजे पुन्हा कारखान्यांतून साचलेलाच पैसा. एक विषय प्रसिद्ध करावयास १० ते १५ हजार डॉलर खर्च येई. एवढा का, तर प्राध्यापकाच्या हस्तलिखितावरून टंकलेखन करावयाचे, एखादी आकृती दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतलेली असेल तर परवानगी मिळवावयाची, न मिळाल्यास ती नव्याने काढावयाची किंवा गाळावयाची. हे काम करणाऱ्यांची नावे कोठे येत नाहीत. प्राध्यापकांवर सक्ती नव्हती. ज्याची इच्छा त्याने द्यावे. तरी बहुतेकांनी दिले. २००२ साली ५० विषय निघाले, पुढच्या वर्षी ५००, आणि २००७ च्या नोव्हेंबरपर्यंत १८००, म्हणजे जवळजवळ संपूर्ण संस्था.

गिल्बर्ट स्ट्रँग हे गणिताचे प्राध्यापक फळ्यासमोर खडू घेऊन रेषीय बीजगणित शिकवीत. त्यांच्या वर्गाची चित्रफीत जगभर इतकी पाहिली गेली की, २०२३ साली त्यांनी शेवटचे व्याख्यान दिले तेव्हा त्यांच्या वर्गात कधीही न बसलेल्या असंख्य लोकांस आपलेच गुरुजी निवृत्त होत असल्यासारखे वाटले.

संस्थेची पहिली अपेक्षा अशी की, इतर विद्यापीठांतील शिक्षक ही सामग्री घेतील आणि आपले शिकविणे सुधारतील. प्रत्यक्ष पाहणी केली तेव्हा आढळले की, येणाऱ्यांत सर्वांत मोठा गट, दहांत चारांहून अधिक, कोणत्याही वर्गात नसलेल्या, स्वतःहून शिकणाऱ्या माणसांचा आहे. हे वाचले तेव्हा आम्हांस फार समाधान वाटले. आमची जात जगात सर्वत्र आहे, आणि दार उघडले की ती आधी येऊन उभी राहते.

या सामग्रीस जो परवाना लावला त्याचे महत्त्व पुष्कळांच्या लक्षात येत नाही. नुसते पाहण्यास फुकट असणे वेगळे आणि घेऊन जाण्यास मोकळे असणे वेगळे. क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने २००२ च्या अखेरीस काढलेल्या नमुन्यांपैकी एक परवाना येथे लावला गेला. त्याचा अर्थ असा की उतरून घ्या, बदला, भाषांतर करा, दुसऱ्यास द्या. मूळ देणाऱ्याचे नाव सांगा, विकू नका, आणि तुम्ही बनविलेलेही याच अटीवर पुढे द्या. त्यामुळे जेथे इंटरनेट धड चालत नव्हते त्या आफ्रिकेतील विद्यापीठांत हा सारा साठा हार्ड डिस्कवर भरून नेता आला. तैवानात 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या चिनी अनुवादकाने त्या पुस्तकाच्या मिळकतीतून स्वयंसेवक जमवून भाषांतराचे काम उभे केले. २००२ च्या जुलैत पॅरिसला युनेस्कोच्या परिषदेत अशा साहित्यास मुक्त शैक्षणिक साधने हे नाव मिळाले. आपल्याकडे सात आय.आय.टी. आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी केंद्र सरकारच्या पैशाने २००३ साली एनपीटेल ही योजना सुरू केली. गावोगाव अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली होती, पण शिकविणारे नव्हते, ही तिची निकड. २०१७ साली स्वयम् आले. एनपीटेलच्या काही व्याख्यानांची मराठीतही भाषांतरे झाली आहेत, ही आनंदाची गोष्ट.

आता आमच्या कचेरीतला एक प्रसंग सांगतो. एका कारखान्यातील तरुण यंत्रचालक दुसरी पाळी संपवून रात्री साडेअकरास येई आणि आमच्या बाकावर बसून मोबाइलवर धातूंच्या उष्णता-उपचाराची व्याख्याने ऐके. घरी एक खोली, सारे निजलेले; म्हणून येथे. इंग्रजी अडले की थांबवी, वहीत शब्द उतरवी, सकाळी आम्हांस विचारी. आम्हांसही येत नसे, मग दोघे मिळून शब्दकोश काढू. आठ महिन्यांत तो इतके शिकला की, भट्टीतून तडकून येणाऱ्या मालाचे कारण त्याने वरिष्ठांस लिहून दिले आणि ते बरोबर निघाले. त्यानंतर वरची जागा रिकामी झाली. त्याने अर्ज केला. अर्जात एक रकाना होता: पदविका, वर्ष, संस्था. तो रकाना रिकामा म्हणून अर्ज परत आला. आम्ही भांडलो, पण नियमावर बोट ठेवले गेले, आणि कारण शोधून दिल्याबद्दल त्यास एक घड्याळ मिळाले.

एम.आय.टी.ने पहिल्या दिवसापासून स्पष्ट सांगितले होते की, आम्ही सामग्री देतो. पदवी देत नाही, आणि प्राध्यापकाशी गाठ घालून देत नाही. त्यांनी कोणास फसविले नाही. पण जो खजिना वाटला त्यातून नेमक्या या दोन गोष्टी राखून ठेवल्या, आणि बाजारात भाव याच दोन गोष्टींस आहे. एनपीटेलने २०१४ पासून देखरेखीखाली परीक्षा आणि प्रमाणपत्र ठेवले, त्यास फी आहे. तेवढीच एक फट उघडली.

राखून ठेवलेले विकावयास पुढे दुसरी मंडळी आलीच. २०११ साली स्टॅनफर्डच्या एका खुल्या पाठास १ लाख ६० हजार लोकांनी नाव नोंदविले आणि पुन्हा सोन्याची खाण सापडल्याची हाकाटी झाली. २०१२ साली एम.आय.टी. आणि हार्वर्ड यांनी मिळून एडएक्स काढले. ते नफ्यासाठी नव्हते. परंतु त्याचे पाठ इतर महाविद्यालयांनी विकत घेऊन आपल्या शिक्षकांऐवजी वापरावे असे घाटू लागले. तेव्हा २०१३ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियातील सॅन होजे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने हार्वर्डचे मायकल सँडेल यांस उघड पत्र लिहिले. त्यांचा न्याय या विषयावरील पाठ आपण वापरणार नाही, असे त्यांनी कळविले. म्हणणे असे की, श्रीमंतांच्या मुलांस जिवंत शिक्षक आणि आमच्या मुलांस त्यांची चित्रफीत, अशी दोन प्रकारची विद्यापीठे यातून होतील, आणि आमचे विभाग मोडीत निघतील. सँडेल यांनी उत्तरी लिहिले की, आपल्या पाठाने सहकाऱ्यांचे नुकसान व्हावे अशी आपली इच्छा नाही. हे पत्र वाचताना मागाची संख्या दुप्पट करून कामगार तेवढेच ठेवण्याच्या मुंबईतील जुन्या तंट्यांची आठवण आम्हांस झाल्यावाचून राहिली नाही. शेवटी २०२१ साली एडएक्स ८० कोटी डॉलरला टू-यू नावाच्या कंपनीस विकले. पैसा एका नफाविरहित संस्थेकडे गेला हे खरे. पण शाळा बाजारात गेली, आणि २०२४ च्या जुलैत त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. २००१ चे कोठार मात्र अजून उघडे आहे, आणि त्याच्या प्रती जगात इतक्या ठिकाणी आहेत की, ते विकावयाचे कोणी मनात आणले तरी गिऱ्हाईक मिळणार नाही.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७४ साली पगारी शिक्षणरजेचा करार, क्रमांक १४०, संमत केला. भारताने तो अद्याप स्वीकारलेला नाही. गेल्या खेपेस आमच्या मागणीपत्रात आठवड्यास दोन तासांची अभ्यासरजा हे सतरावे कलम होते. बोनसचा आकडा ठरविण्याच्या रात्री ते गळाले, आणि खरे सांगावयाचे तर आम्हीच ते फार ताणून धरले नाही. नवे मागणीपत्र या महिन्यात द्यावयाचे आहे. त्यात ते कलम तिसरे आहे, आणि त्याची भाषा त्या यंत्रचालकाने लिहिली आहे.